फेकणारा एक, झेलणारे शंभर



या सदरात आम्ही दर महिन्याला एक शब्द घेऊन बसतो. कधी तो मराठीतला असतो, कधी उर्दूतला, कधी दोन्ही घरी ये-जा करणारा. या वेळचा शब्द वर्गातूनच मिळाला. आठवीच्या मराठीच्या तासाला धड्यात ‘भिरकावणे’ हे क्रियापद आले. अर्थ विचारला तर मुली एका सुरात म्हणाल्या, ‘फेकना.’ आम्ही म्हटले, शाब्बास, पण मग ‘फेकणे’ आणि ‘भिरकावणे’ यांत फरक काय? मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, फेकना तो फेकनाच है ना, उसमें क्या फरक?’

फरक आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातच सापडतो. अम्मी डाळीत मीठ ‘टाकते’. त्यात जोर नसतो, हात डाळीपर्यंत जातो. दूधवाल्याची पिशवी रिकामी झाली की ती ‘फेकतो’. इथे हात थांबतो आणि वस्तू पुढे जाते. रागावलेला मुलगा दप्तर ‘आपटतो’, म्हणजे ते खाली येते आणि आवाज होतो. निकाह झाल्यावर खारका ‘उधळतात’, कारण त्या पुष्कळ असतात आणि मनात आनंद असतो. गळ्यात अडकवलेले ओझे किंवा कोणाचा जुलमी हुकूम ‘झुगारतात’. आणि ‘भिरकावणे’? त्यात भिरभिर ऐकू येते. वस्तू गरगरत जाते, फेकण्यात जोर भरपूर असतो, पण नेम बहुधा नसतो. राग आला, हातात आले ते भिरकावले. कुठे पडले, कोणाला लागले, हे नंतर कळते.

वर्गात यावलकडची एक तडवी घरातली मुलगी आहे. ती म्हणाली, ‘आमचे नाना शेतात गोफण भिरकावायचे.’ बाकीच्या मुलींनी गोफण पाहिलेलीच नव्हती. मग तिनेच ओढणीची गोफण करून दाखवली. सातपुड्याच्या पायथ्याला ज्वारी दाण्यावर आली की पाखरांचे थवे उतरतात. राखणदार माळ्यावर उभा राहतो. गोफणीच्या मधल्या खोळीत गुंडा ठेवायचा, एका दोराचा फास बोटात अडकवायचा, दुसऱ्याचे टोक मुठीत धरायचे, डोक्यावरून गरगर फिरवायचे आणि मुठीतले टोक सोडून द्यायचे. गुंडा जातो, दोर बोटातच राहतो. शेवटी ती म्हणाली, ‘पण नाना फिरवायच्या आधी मागे बघायचे. कोणी उभे आहे का ते.’

हे वाक्य आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

क्रियापदांचा विचार निघाला की आपल्या धुळ्याची आठवण यायलाच हवी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी जमवलेला मराठी धातुकोश त्याच मंडळाने १९३७ साली प्रसिद्ध केला. धातू म्हणजे क्रियापदाचे मूळ. मूळ एकदा सापडले की वरवर एकमेकांना न ओळखणारे शब्द चुलत भाऊ निघतात. ‘फेकणे’ या अर्थाचा संस्कृत धातू ‘क्षिप्’ घ्या. सं-क्षेप म्हणजे पसरलेले एकत्र टाकणे. प्र-क्षेपण म्हणजे पुढे फेकणे. दूरदर्शनचे थेट प्रक्षेपण तेच, आणि मोबाइलवर आलेला मजकूर आपण ‘फॉरवर्ड’ करतो तेही शब्दशः प्रक्षेपणच. हस्त-क्षेप म्हणजे दुसऱ्याच्या कामात हात टाकणे. आणि आ-क्षेप म्हणजे कोणाच्या तरी दिशेने फेकलेले काहीतरी. आपण कोणावर आक्षेप घेतो तेव्हा हात रिकामे दिसत असले तरी भाषेच्या लेखी आपण काहीतरी फेकलेले असते.

आता उर्दूकडे या. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. त्यावरून तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. मराठी फौजेच्या तोफखान्यातला हा गोलंदाज आज क्रिकेटच्या मैदानावर उभा आहे. हस्तक्षेपाचा सख्खा भाऊ ‘दस्तंदाजी’, म्हणजे दस्त हात आणि अंदाजी फेकणे. आणि आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘अंदाज’ही याच कुळातला. अंदाज म्हणजे पक्के ठाऊक नसताना मनाने टाकलेला खडा. मराठीत ‘खडा टाकून पाहणे’ म्हणतात, ते उगीच नाही.

अरबीत या कुळातले तीन शब्द आपल्या घरांना ठाऊक असायला हवेत.

पहिला ‘रमी’. हजला जाऊन आलेल्यांना तो सांगायला नको. मिनाच्या मैदानात जमरातवर खडे मारणे म्हणजे रमी. दहा जिलहिज्जाला सात खडे, त्यानंतरच्या दिवसांत तिन्ही जमरातवर सात-सात. खडे केवढे? हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे मोठे. प्रेषित (स.) यांनी हजच्या वेळी इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून असे लहान खडे वेचून घेतले, तळहातावर धरून दाखवले आणि सांगितले की असेच मारा, धर्मात अतिरेक करू नका. सैतानाला मारायच्या खड्यालाही आकाराची मर्यादा घातलेली आहे, हे आम्हाला फार मोठे वाटते.

दुसरा शब्द ‘खज्फ’. दोन बोटांच्या चिमटीत खडा धरून उडवणे म्हणजे खज्फ. मुले गोट्या उडवतात तसे. प्रेषित (स.) यांनी याची मनाई केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. कारणही सांगितले आहे. अशा खड्याने शिकार होत नाही, शत्रूही जखमी होत नाही, मात्र कोणाचा डोळा फुटतो, कोणाचा दात तुटतो. म्हणजे उपयोग शून्य आणि नुकसान कायमचे.

तिसरा ‘कज्फ’, जोराने फेकणे. उर्दूत लिहिताना आधीच्या शब्दात ‘खे’ आहे, इथे ‘काफ’, बाकी दोन्ही सारखेच. पवित्र कुरआनात हा शब्द अनेक ठिकाणी येतो आणि दर वेळी वेगळ्या हाताने. सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या आईला हुकूम होतो की बाळाला पेटीत टाक आणि पेटी नदीत सोड, तिथे हेच क्रियापद आहे. ज्या हाताने बाळाला दूध पाजले त्याच हाताने पाण्यात टाकायचे, आणि त्यातच बाळाचा जीव वाचायचा होता. सूरह अंबियामध्ये सत्य असत्यावर फेकले जाते आणि असत्याचे डोके फुटते, तिथेही कज्फच. सूरह सबामध्ये मात्र इन्कार करणारे दूरवरून, न पाहिलेल्या गोष्टींवर शब्द फेकत राहिले असे सांगताना हाच शब्द वापरला आहे. मराठीत आपण याला अंधारात दगड मारणे म्हणू. फेकण्यात जोर असणे हा काही दोष नाही. हातात काय आहे आणि ते कोणाच्या दिशेने जाते आहे, यावर सगळे ठरते.

आणि शरीअतच्या भाषेत कज्फ म्हणजे एखाद्या पाकदामन व्यक्तीवर बदचलनीचा आरोप करणे. सूरह नूरच्या चौथ्या आयतीत यासाठी ‘रमी’चेच क्रियापद आले आहे. जे लोक ‘मुहसनात’वर फेकतात, असे तिथे म्हटले आहे. काय फेकतात, ते उच्चारलेलेच नाही. तो घाणेरडा शब्द जिभेवर येऊ नये म्हणूनच हे असावे, असे आम्हाला वाटते. ‘मुहसनात’ हा शब्दही पाहा. ‘हिस्न’ म्हणजे किल्ला. मुहसना म्हणजे किल्ल्यात सुरक्षित असलेली स्त्री. तिची अब्रू हा किल्ला आहे आणि आरोप हा त्यावर केलेला मारा. आरोप करणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले चार साक्षीदार आणायचे. आणता आले नाहीत तर ऐंशी फटके, आणि यापुढे त्याची साक्ष कधीच घ्यायची नाही. मात्र जे तौबा करतील आणि स्वतःला सुधारतील त्यांच्यासाठी पुढच्याच आयतीत क्षमेची आशा ठेवली आहे. ही शिक्षा देणे न्यायसंस्थेचे काम होते, मोहल्ल्यातल्या चार माणसांचे नव्हे. आपल्या देशात बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. १ जुलै २०२४ पासून ते लागू झाले. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इथपर्यंत शब्दांची गोष्ट झाली. आता जी सांगायची आहे ती आमची स्वतःची आहे, आणि सांगताना मान खाली जाते.

जळगावची एक मुलगी धुळ्याला शिकायला होती. एका शनिवारी दुपारी ती धुळ्याच्या बस स्थानकावर एका तरुणाबरोबर बाकावर बसली होती. त्याच्या हातात तिची पिशवी होती. कोणीतरी दुरून फोटो काढला. खाली लिहिले, ‘ओळखा, कोणाची मुलगी?’ धुळ्याहून निघालेली एस.टी. पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला पोहोचायला दोन-अडीच तास घेते. पारोळ्याला किल्ला लागतो. ती मुलगी खिडकीतून तो पाहत आली असेल. फोटो तिच्या आधी पोहोचला होता. ती घराच्या पायरीशी आली तेव्हा दारात चप्पलांचा ढीग होता आणि आत सगळे गप्प होते.

तो तरुण तिचा मामू होता. अम्मीचा सगळ्यांत धाकटा भाऊ, तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. तिला बसमध्ये बसवून देण्यासाठी आला होता.

तो फोटो आमच्याही मोबाइलवर आला, मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये. आम्ही तो पुढे पाठवला नाही. पण त्या मामूला आम्ही ओळखत होतो. त्या घरी ईदचा शीरखुर्मा त्याच्याच हातून घेतला होता. एक ओळ लिहायची होती, ‘हा तिचा मामू आहे, फोटो काढून टाका.’ ती आम्ही लिहिली नाही. ग्रुपमध्ये मोठी माणसे होती, वाद कशाला, घरचे सांगतीलच, असे मनाला समजावले. पुढे पाठवला नाही एवढ्यावर आम्ही स्वतःला शरीफ समजून बसलो.

घरच्यांनी सांगितले. पण सांगायला दोन दिवस लागले, आणि तेवढ्यात फोटो आम्हाला माहीतही नसलेल्या गावांत गेला होता. तिची मंगनी झालेली होती. मुलाकडच्यांनी ‘आम्हाला शंका नाही, पण लोक बोलतात’ असे म्हणत अंगठी परत पाठवली. परीक्षेला ती बसली नाही. आठ दिवसांनी आम्ही ग्रुपवर खरे काय ते लिहिले. दोघांनी अंगठा दाखवला, कोणी पुढे पाठवले नाही. त्यानंतर तिचे अब्बा रस्त्यात भेटले. रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, ‘टीचर, आपको तो मालूम था.’

कोणी म्हणेल, बरे झाले तो मामू निघाला. आमचा प्रश्न वेगळा आहे. तो मामू नसता, वर्गातला मुलगा असता, तर? तरी त्या फोटोत काय होते? दिवसाची वेळ, गजबजलेले स्थानक, एक बाक आणि एक पिशवी. चार साक्षीदारांची अट आपण इतक्यांदा ऐकली आहे, पण मोबाइल हाती आला की एक फोटो चार साक्षीदारांच्या जागी बसवतो आणि त्यालाही काय दिसते हे विचारत नाही.

इफ्कचा प्रसंग आपण सगळे जाणतो. बनी मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. तो शोधण्यात त्या मागे राहिल्या. त्या आत आहेत असे समजून लोकांनी हौदा उंटावर चढवला आणि काफिला निघून गेला. मागून येणारे सफवान (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसवले आणि स्वतः लगाम धरून पायी चालत आणले. मुनाफिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबई याला तेवढे पुरले. जवळपास महिनाभर मदीना कुजबुजत राहिले. शेवटी सूरह नूरच्या आयतींनी त्यांची निर्दोषता जाहीर केली.

त्या आयतींमध्ये एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. तिथे बोलणे उबईसारख्यांशी कमी आणि ऐकणाऱ्या श्रद्धावंतांशी जास्त आहे. पंधराव्या आयतीत सांगितले आहे की तुम्ही ही गोष्ट जिभांनी झेलत होता. ऐकायचे असते कानांनी, पण इथे कान आणि जीभ यांच्यामध्ये विचाराला जागाच उरली नव्हती. जिभेवर आली ती जिभेवरूनच पुढे गेली. आपल्याकडेही म्हण आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. आज जिभेचे काम अंगठा करतो. आणि पुढे म्हटले आहे की तुम्हाला ती हलकी गोष्ट वाटत होती, अल्लाहपाशी ती फार मोठी होती. खज्फचा खडाही हलकाच असतो.

फेकणारा एकच असतो. झेलणारे मिळाले नाहीत तर त्याचा दगड जिथल्या तिथे पडतो. क्रिकेटमध्ये झेल सुटला की आपण हळहळतो. इथे झेल सोडणे हीच कमाई आहे. पण बाराव्या आणि सोळाव्या आयतीत त्याहूनही जास्त मागितले आहे. ऐकताक्षणीच तुम्ही आपल्या माणसांबद्दल चांगले का मानले नाही? ही उघड उघड तोहमत आहे असे का म्हणाला नाहीत? म्हणजे झेल सोडून गप्प राहणे पुरेसे नाही. तोंड उघडायचे आहे. आम्ही तिथेच कमी पडलो.

मदीनेत तोंड उघडणारेही होते. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी ही बोलणी पोहोचली तेव्हा त्यांनी बीबीला विचारले, तू असे केले असतेस का? त्या म्हणाल्या, अल्लाहची शपथ, नाही. मग आयशा तुझ्याहून चांगल्या आहेत, असे म्हणून त्यांनी तो विषय आपल्या उंबऱ्याशीच संपवला. हजरत जैनब (रजि.) या तर सवत. त्यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी आपल्या कानांची आणि डोळ्यांची पत राखली आणि सांगितले की मला त्यांच्याबद्दल भलेच ठाऊक आहे. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, हमना यांनी, मात्र ती गोष्ट झेलली. एकाच घरच्या दोन बहिणींनी एकाच खड्याचे दोन वेगळे काय केले, हे मुलींना शिकवण्यासारखे आहे.

आणि ज्याने झेलले, पुढे फेकले, त्याचे काय? मिस्तह (रजि.) हे हजरत अबू बक्र (रजि.) यांचे नातलग, त्यांच्याच मदतीवर घर चालवणारे. मुलीवरच्या तोहमतीत ते सामील झाले म्हणून अबू बक्र (रजि.) यांनी मदत बंद करण्याची शपथ घेतली. बाविसावी आयत आली की माफ करा, अल्लाहने तुम्हाला माफ करावे असे तुम्हाला वाटत नाही का? त्यांनी मदत पुन्हा सुरू केली. ज्यांनी त्या फोटोवर बोट दाबले तेही आपलेच भाऊ-बहीण, भाच्या-पुतण्या आहेत. त्यांना वाळीत टाकणे हा उपाय नाही. त्यांनी त्या घरी जाऊन माफी मागावी, आणि जितक्या जणांना पाठवले तितक्या जणांना खरे काय ते कळवावे. आम्ही त्या अब्बांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली आणि पास झाली. अंगठीचे मात्र काही परत जुळले नाही.

तेव्हा घराघरांतल्या मोठ्यांना आमची विनंती आहे. जेवायला सगळे एकत्र बसाल तेव्हा मुलांना या तीन गोष्टी सांगा. कोणाच्या मुलीचा, सुनेचा, मुलाचा असा फोटो किंवा मजकूर आला तर तो तिथेच थांबवायचा. ज्याने पाठवला त्याला, आणि ग्रुपमध्ये आला असेल तर ग्रुपमध्येच, स्पष्ट लिहायचे की ही तोहमत आहे, काढून टाका. आणि ज्या घरावर ती आली असेल त्या घराला त्याच दिवशी फोन करायचा, विचारपूस करायला नव्हे, ‘आम्ही तुमच्याबरोबर आहोत’ एवढे सांगायला. ग्रुपवरून मजकूर पुसता येतो, पण गोफणीचा गुंडा गेल्यावर दोर बोटातच राहतो, आणि आपण काय सोडले ते आपल्याला ठाऊक असते.

त्या तासाला शेवटी मुलींना वाक्ये लिहायला दिली होती. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने वहीत लिहिले, ‘नानांनी मागे बघितले आणि मगच गोफण भिरकावली.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर होते. आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.